आचेवरून उतरवल्यावर

लिंबू चिरलं की पहिला वास येतो तो सालीचा. रसाला स्वतःचा वास बेताचाच. हिरव्यापिवळ्या सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. सुरीची धार त्यांवरून गेली की त्या फुटतात आणि डोळ्यांना न दिसणारा फवारा हवेत उडतो. पिळून झालेली फोड ज्योतीसमोर धरून चिमटीत दुमडली तर हा फवारा चटकन पेटतो, तडतड आवाज होतो आणि खोलीभर लिंबू दरवळतं. लहानपणी वीज गेली की मेणबत्तीभोवती आम्हा भावंडांचा हाच खेळ चाले.

रस असा आपणहून भेटायला येत नाही. त्याला जिभेवरच यावं लागतं. आणि तो आला की गाल, जबडा, डोळे, सगळा चेहरा कामाला लागतो.

एवढ्याशा फळात हे दोन स्वभाव शेजारी शेजारी नांदतात. आंबटपणा चिवट. रस उकळा, आटवा, मिठात घालून वर्षभर बरणीत कोंडा, तो हलत नाही. वास मात्र उडून जाणारा, आणि ज्याच्यासाठी आपण लिंबाचे एवढे गोडवे गातो ते ‘क’ जीवनसत्त्वही नाजूकच. आच, हवा, ऊन आणि वेळ यांतलं काहीच त्याला फार सोसत नाही. लिंबाच्या औषधीपणाबद्दल बोलताना आपण या दोन्ही गोष्टी एकाच मापानं मोजतो. तिथेच सगळी गफलत होते, असं मला फार वाटतं.

माझी आजी सुधारस करायची तो हे दोन्ही स्वभाव ओळखून. सुधारस आता पंगतीत दिसत नाही. केटररच्या यादीत तर त्याचं नावही नसतं. पण घरात जास्तीचं दूध नाही, नारळ नाही, पाहुणे दारात उभे आणि पानात गोड तर पडायलाच हवं, अशा वेळी कितीतरी मराठी घरांची लाज या एका पदार्थानं राखली आहे. साखर भिजेल एवढंच पाणी, एकतारी पाक, वेलदोड्याची पूड, असल्या तर केशराच्या काड्या, मूठभर बेदाणे, आणि लिंबाचा रस. गार झाला की मधाइतका दाट होतो. पोळीशी किंवा पुरीशी खायचा. कुणी त्यात केळ्याच्या चकत्या घालतं, कुणी मोसंबीच्या सोललेल्या फोडी.

आजीच्या सुधारसाला लिंबू दोनदा लागे. पाक उकळत असताना अगदी चार थेंब. आणि पातेलं खाली उतरवून, वाफा निवल्यावर, उरलेला सगळा रस. पहिले चार थेंब पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून. बाकीचा खाणाऱ्यासाठी. “आचेवर घातलेला रस पाकाचा, उतरवल्यावर घातलेला आपला,” असं ती म्हणायची. रसात एकही बी राहता कामा नये, यावर तिचा कटाक्ष असे. लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेलंही तिला चालत नसे, कारण साल दाबली जाते आणि तिचा कडूपणा रसात उतरतो. हा कडूपणा लगेच जाणवत नाही, थोड्या वेळानं वर येतो. पाहुणे जेवायला बसेपर्यंत तो वर आलेला असतो.

आजीच्या या दोन वेळच्या लिंबाकडे मी नीट पाहायला लागलो ते फार उशिरा, स्कर्व्हीचा, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाचा, इतिहास वाचताना. समुद्रावर हाच फरक न कळल्यामुळे माणसं दगावली होती.

18 व्या शतकात लांबच्या सफरीला निघालेल्या जहाजांवर खलाशांच्या हिरड्या सुजून काळ्या पडत, दात हलू लागत, वर्षांपूर्वी भरून आलेल्या जखमा पुन्हा उकलत. लढाईपेक्षा जास्त माणसं या रोगानं जात. मे 1747 मध्ये ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या स्कॉटिश डॉक्टरनं अशा 12 आजारी खलाशांच्या 6 जोड्या केल्या. जेवण सगळ्यांचं सारखं. त्यावर एका जोडीला सायडर, म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस, दुसरीला पाण्यात पातळ केलेलं गंधकाम्ल, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला लसूण, मोहरी वगैरे वाटून केलेलं चाटण, आणि सहावीला रोज दोन संत्री नि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली. तोवर त्या जोडीतला एकजण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता आणि दुसऱ्याला उरलेल्या आजाऱ्यांची शुश्रूषा करायला नेमलं होतं.

या प्रयोगात मला सगळ्यात बोलक्या वाटतात त्या गंधकाम्लाच्या आणि व्हिनेगरच्या जोड्या. दोन्ही औषधं लिंबासारखीच आंबट, आणि दोन्हींनी कुणी बरं झालं नाही. आंबटपणा हे स्कर्व्हीचं औषध नाही, याचा पुरावा त्या जहाजावरच, लिंबाच्या शेजारी ठेवलेला होता. तरी तो दिसला नाही. 1753 मध्ये लिंडनं ग्रंथ लिहिला, तेव्हा फळं टिकत नाहीत म्हणून रस आचेवर आटवून बाटलीत भरण्याची कृती त्यात दिली. आटवलेला रस दाट होता, आंबट होता, पुष्कळ दिवस राहणारा होता. ज्यासाठी तो न्यायचा, ते मात्र आचेवरच गेलेलं असायचं. ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस नेमानं द्यायला सुरुवात केली ती 1795 मध्ये, लिंड वारल्यानंतरच्या वर्षी.

पुढची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची आहे. 19 व्या शतकाच्या मध्यानंतर आरमारानं भूमध्य समुद्राकाठची जाड सालीची, मोठी पिवळी लिंबं सोडली आणि वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतली लहान, पातळ सालीची लिंबं घेतली. ती आंबट होती, आणि आंबट म्हणजे गुणकारी हा समज पक्का होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दोन्ही रस प्राण्यांवर तपासले. लहान लिंबाचा ताजा रस मोठ्याच्या मानानं बराच दुबळा निघाला, आणि टिकवून ठेवलेला तर जवळजवळ निकामी.

ते लहान, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबू. आशियातून ते अरबांबरोबर पश्चिमेला गेलं आणि तिथून स्पॅनिश जहाजांतून कॅरिबियन बेटांवर. आज जनुकांवरून त्याचे आईबापही सांगता येतात. एका बाजूला फिलिपीन्सकडचं एक रानटी आंबट फळ, दुसऱ्या बाजूला महाळुंग. युरोपातलं पिवळं लिंबूही महाळुंगाचंच लेकरू, फक्त त्याचं दुसरं पालक आंबट नारिंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या एका हातात गदा, एका हातात ढाल, एकात पानपात्र आणि एकात महाळुंग आहे. मी दर्शनाला उभा राहतो तेव्हा नजर त्या फळावर जातेच. पोह्यांवर पिळलेलं लिंबू आणि इटलीच्या किनाऱ्यावरचं लिंबू, दोघांचाही पूर्वज त्या हातात आहे.

‘क’ जीवनसत्त्वाला तांब्याचाही स्पर्श सोसत नाही; तांब्याच्या सान्निध्यात ते हवेशी भराभर संयोग पावून नष्ट होतं. आपल्याकडे बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही, ते कळकतं, हा नियम पोटाच्या काळजीनं आला, आणि त्या नियमानं नकळत लिंबाचीही काळजी घेतली. कल्हईवाला गल्लीतून गेला, स्टीलची पातेली आली, आणि नियमाची गरजच संपली. काच, चिनी माती आणि स्टील यांत लिंबू सुखरूप असतं.

या नाजूक द्रव्याचा शोध कसा लागला तेही ऐकण्यासारखं आहे. रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेलं यांनी 1784 मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक वेगळे केले. आंबटपणा तेव्हाच हाती आला. त्याच रसातलं ‘क’ जीवनसत्त्व हाती यायला 1932 साल उजाडावं लागलं. अमेरिकेत चार्ल्स किंग यांनी ते लिंबातून वेगळं केलं. हंगेरीत आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांना त्यांच्या गावच्या पाप्रिका मिरचीत त्याचा भरपूर साठा सापडला, आणि 1937 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. टिकाऊ ते आधी सापडलं, नाजूक ते जवळजवळ दीडशे वर्षांनी.

आता आपल्या लिंबाचा हिशेब. कागदी लिंबाच्या 100 ग्रॅम रसात साधारण 30 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असतं. एका मध्यम लिंबातून तीन-चार लहान चमचे रस निघतो, म्हणजे पाच-सहा मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला रोज 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम सांगितलेलं आहे. एक पेरू खाल्ला की ही गरज भागून वर पुष्कळ उरतं. आवळा तर पेरूच्याही पुढे. तेव्हा सकाळच्या कोमट पाण्यातल्या अर्ध्या लिंबानं दिवसभराची तरतूद झाली, असं कुणी मानत असेल तर ती झालेली नसते.

हा हिशेब ऐकून लिंबावरचं माझं प्रेम कमी झालं नाही. उलट त्याचं खरं काम कुठं चालतं ते दिसायला लागलं.

पेरू हिवाळ्यात येतो, आवळाही. लिंबू वर्षभर असतं, रोज असतं, आणि मुख्य म्हणजे ते शेवटी येतं. पानाच्या डाव्या बाजूला, मिठाशेजारी, त्याची फोड वाढलेली असते. वरणभातावर तूप पडतं, मग ज्याचं त्यानं लिंबू पिळायचं. कढईतल्या आचेशी त्याचा संबंध येत नाही. जे थोडं आहे ते सगळंच्या सगळं पोटात जातं. पालेभाजी, डाळी, पोहे यांतलं लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्व त्या लोहाला विरघळण्याजोग्या रूपात आणतं, आणि सायट्रिक आम्लही त्याला मदत करतं. मात्र हे सगळं त्याच घासात, त्याच जेवणात घडावं लागतं. सकाळी घेतलेलं लिंबूपाणी दुपारच्या मेथीच्या भाजीला उपयोगी पडत नाही. पोह्यांवर लिंबू पिळून लगोलग चहाचा कप तोंडाला लावला तर चहातली द्रव्यं तेच लोह पुन्हा अडवून धरतात. आपल्याकडे किती बायका रक्त कमी असल्याच्या गोळ्या खातात! त्या गोळ्यांना लिंबाची फोड हा पर्याय नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पण ज्या घरात लिंबू फक्त पुरुषांच्या पानात वाढलं जातं आणि मागाहून जेवणारीला उरत नाही, त्या घरात ती फोड तिच्या पानात आधी पडायला हवी.

गिनी-बिसाऊ हा पश्चिम आफ्रिकेतला एक लहानसा देश. 1990 च्या दशकात तिथं कॉलऱ्याच्या साथी आल्या. संशोधकांनी घरोघरी कोण काय खातं याची चौकशी केली, तेव्हा भाताबरोबरच्या कालवणात लिंबाचा रस घालणाऱ्यांना कॉलरा कमी झाल्याचं आढळलं. कॉलऱ्याचा जंतू आम्लात तग धरत नाही. इथं काम केलं ते चिवट आंबटपणानं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरचा वरणभात आठवला, आणि इतक्या दूरच्या, कधी न पाहिलेल्या माणसांशी अचानक पंगतीतलं नातं जडल्यासारखं वाटलं.

आंबटपणाचा आणखी एक उपकार मी घरात पाहिला. वडिलांना मुतखड्याचा त्रास होता. डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितलं आणि त्यात लिंबू पिळायला. कारणही समजावलं. लिंबाच्या एका लिटर रसात साधारण 45 ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं. त्यातून लघवीत सायट्रेट वाढतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि कॅल्शियमचे खडे जमायला अडथळा होतो. मीठ घालू नका, साखर घालू नका, असंही बजावलं, कारण मिठानं लघवीतलं कॅल्शियम वाढतं. वडील गोडखाऊ. बिनसाखरेचं, बिनमिठाचं ते पाणी ते तोंड वाकडं करून, पण एकही दिवस न चुकवता प्यायले. प्रत्येकाच्या खड्याची जात वेगळी असते, तेव्हा हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावं.

साखर, मीठ आणि लिंबू हे तिघं एकत्र खरे शोभतात ते वैशाखात. उन्हातून आलेल्या माणसाला सरबत द्यायचं ही रीत विज्ञानानं पुढे मोठ्या मानानं उचलून धरली. आतड्यात साखर आणि मिठातलं सोडियम जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती, सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. त्यात लिंबू नव्हतं, आणि त्या पाण्याला लिंबाची गरजही नसते. पण तापानं तोंड कडू झालेलं पोर नुसतं साखरमिठाचं पाणी दोन घोटांत बाजूला सारतं. त्यात लिंबू पिळलं की पेला रिकामा होतो. औषधी गुणांच्या कुठल्याच कोष्टकात ही गोष्ट येत नाही. लिंबू दुसऱ्या अन्नाला तोंडात जागा करून देतं, लाळ सुटते, भूक हलते, पाणी पोटात जातं. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला याचं मोल विचारावं.

बाकी जे काही लिंबाच्या नावावर खपवलं जातं त्याबद्दल फार बोलत नाही. चरबी वितळवणारं असं लिंबात काही नाही. कोमट पाणी-लिंबाचा पेला रिचवल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरावी, कारण ते आम्ल दातांचं वरचं आवरण हळूहळू झिजवतं. आणि लिंबू चेहऱ्याला किंवा हाताला चोळून उन्हात जाऊ नये. सालीतल्या द्रव्यांमुळे कातडीवर अक्षरशः भाजल्यासारखे फोड येतात.

आता गोडाकडे येतो. लिंबू घातलं म्हणून गोड पदार्थ पथ्याचा होत नाही. सुधारस ही वाटीभर साखरच आहे आणि मधुमेह असलेल्याच्या वाटीत तो साखरेसारखाच वागतो. पण गोडाला आंबटाची साथ नसली की जीभ लवकर थकते आणि तरीही हात थांबत नाही, असा माझा अनुभव. लिंबू असलं की दोन चमच्यांत समाधान होतं. साखरभात घ्या. तुपात परतलेले तांदूळ, लवंगा, केशर, साखर, सगळं उत्तम. पण लिंबाचा रस नसेल तर चौथा घास जड जातो. पाकातल्या पुऱ्यांचंही तेच.

पाकात लिंबू काय करतं ते एकदा स्वयंपाकघरात उभं राहून बघावं. साखरेचा प्रत्येक रेणू दोन लहान साखरांचा जोड असतो. आच आणि आम्ल मिळून त्यातले काही जोड सोडवतात. सुटलेल्या त्या दोन साखरा मग इतर साखरेला ओळीनं बसू देत नाहीत, आणि ओळ जमली नाही की स्फटिक होत नाही. म्हणून गुलाबजामच्या पाकात, चिरोट्यांच्या पाकात ते चार थेंब. फार पडले तर पाक घट्टच होत नाही, म्हणून चारच.

दुधाशी त्याचं वागणं आणखी धसमुसळं. उकळत्या दुधात रस पडला की क्षणात दूध फाटतं, हिरवट पाणी वेगळं आणि पांढरा छेना वेगळा. त्यातूनच रसगुल्ला. आमच्या आजीच्या पिढीला शुभदिवशी दूध फाडणं अशुभ वाटे, आणि मला ती भावना समजते. पण पहिल्यांदा घरी केलेला छेना मळून मळून तळहाताला तुपकट लागला, तेव्हा दुधाचा अपमान झालाय असं मला मुळीच वाटलं नाही.

पेरूच्या जेलीत तर लिंबाशिवाय पानही हलत नाही. पेरूत पेक्टिन भरपूर, पण पुरेसं आम्ल असल्याशिवाय ते एकमेकांना धरत नाही. माझी मावशी हिवाळ्यात जेली करायची. पेरूच्या फोडी पाण्यात शिजवून, फडक्यातून न पिळता रात्रभर पाणी ठिबकू द्यायचं, मग त्यात साखर आणि लिंबाचा रस. बशीत थेंब टाकून तो थबकतो का ते बघत ती शेगडीपाशी उभी राही. तो माणकासारखा लाल रंग मला अजूनही बाजारच्या कुठल्या बाटलीत दिसलेला नाही.

आणि एक पदार्थ असा, जो मी परदेशी म्हणून शिकलो आणि आपलाच निघाला. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर ‘की लाइम पाय’ करतात. तिथलं ते की लाइम म्हणजे आपलं कागदी लिंबूच, वेस्ट इंडीजमधून तिथं पोहोचलेलं. डब्यातल्या आटवलेल्या गोड दुधात अंड्याचा बलक आणि या लिंबाचा रस घालतात. मी अंडं वगळून करतो. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून ताटलीत थापायचा, कंडेन्स्ड मिल्कमध्ये रस घालून ढवळायचं. आच अजिबात नाही. आम्लानं दुधातली प्रथिनं एकमेकांना धरायला लागतात आणि ढवळता ढवळता चमचा जड होतो. मग थापलेल्या चुऱ्यावर ओतून काही तास थंड ठेवायचं. वरून लिंबाची साल अगदी हलक्या हातानं किसून घालायची, फक्त हिरवा थर; खालचा पांढरा आला की कडू झालंच. आपल्या स्वयंपाकात या सालीला लोणचं सोडलं तर जागाच नाही, याची मला खंत वाटते. रव्याच्या शिऱ्यात, खोबऱ्याच्या वड्यांत, श्रीखंडात आचेवरून उतरवल्यावर चिमूटभर हिरवी साल घालून बघा. साखर तेवढीच असते आणि पदार्थ निम्मा हलका लागतो.

माझं आजोळ श्रीगोंदा तालुक्यातलं. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा तालुका लिंबासाठी ओळखला जातो, आणि मामाच्या बागेत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई शरबती’ आहे. लिंबाला वर्षात तीनदा बहार येतो, आंबिया, मृग आणि हस्त. आंबियाचा फुलोरा सगळ्यांत जोरकस. त्याची फळं ऐन पावसाळ्यात येतात, जेव्हा सरबत कुणाला नको असतं. उन्हाळ्यात ज्या लिंबाला सोन्याचा भाव येतो ते हस्त बहाराचं, आणि हस्ताला झाड फुलवणं हेच सगळ्यांत अवघड. त्यासाठी पावसाळ्याच्या शेवटी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येऊन आळी भरून टाकतो. वर खैऱ्या रोगाचे खरबरीत डाग. वर काळ्यापिवळ्या फुलपाखराच्या अळ्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानाच्या रंगाच्या, आणि हात लावला की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडतात. मामी त्या एकेक वेचते. काट्यांनी तिचे हात कायम ओरखडलेले. एप्रिलमध्ये आपण भाजीवाल्याशी एका लिंबावरून घासाघीस करतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते हात येतात आणि माझ्यानं घासाघीस होत नाही.

ऑगस्टमध्ये सगळं उलटं. बाजार समितीत गोणी नेली तर आडत, हमाली, भाडं कापून हातात येणाऱ्या पट्टीत तोडणीची मजुरीही सुटत नाही. झाडाखाली पिवळा सडा पडलेला असतो. पिकलेलं, पातळ सालीचं, रसानं टच्च भरलेलं लिंबू तेव्हा मातीमोल, आणि ते घ्यायला शहरात कुणाला आठवण नसते. लोणच्याचं लिंबू तर हेच. तेव्हा माझी आग्रहाची विनंती आहे की लिंबू ऑगस्टमध्ये घ्या, भरपूर घ्या.

मामी तेव्हा गोड लोणचं घालते. डाग नसलेली लिंबं धुऊन, फडक्यानं कोरडी पुसून, प्रत्येकाच्या आठ फोडी, बिया सगळ्या वेचून. मीठ लावून चिनी मातीच्या बरणीत, रोज एकदा हलवायचं. साल मऊ पडली की साखर, थोडं तिखट, आणि उपासाला चालावं म्हणून हिंग-मोहरी काही नाही. आचेवर कधीच ठेवायचं नाही. साखर उन्हातच विरघळू द्यायची. तोंडाला दादरा बांधून बरणी गच्चीवर. मुरायला दोन महिने तरी द्या, मध्ये कुणी बरणीला हात लावायचा नाही, असं मामी दरवर्षी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते. पंधरवड्यात मामा भाकरी घेऊन गच्चीवर जातो, आणि खाली येतो तेव्हा भाकरी कशाशी खाल्ली हे त्याला कुणी विचारत नाही.